आतलं नको असलेलं दार स्टड आणि जिप्सम बोर्डने बंद कसं करायचं

पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगांमधे एकेका खोलीला दोन-दोन तीन-तीन दारं, आणि त्यातलं एखादं तरी वर्षानुवर्षं कपाटामागे बंद. ते काढून सलग भिंत केली की खोली खरंच वापरता येते. स्वतःच्या, भावाच्या आणि ओळखीतल्या घरांमधली अशी बरीच दारं मी बंद केलीयेत. गवंडी म्हणेल वीट भरून देतो, भरता येते, पण चौथ्या मजल्यावर वाळू चढवायची, आठवडाभर पाणी मारायचं, आणि जुन्या-नव्याच्या जोडावर तडा जायची भीती तिथेही आहेच. लाकडी सांगाडा मात्र करू नका, बंद पोकळीत वाळवी लागली तर कळतसुद्धा नाही. जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचे स्टडच (उभे खांब) घ्या.

पहिलं काम म्हणजे चौकट काढणं. दाराशेजारी स्विचबोर्ड असतो, त्याची वायर भिंतीतून कुठून गेलीये ते बघा आणि एमसीबी बंद करा. चौकटीचा उभा खांब मधोमध करवतीने कापायचा, पहारीने ओढायचा, होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ग्राइंडरने छाटायचे. वरच्या लिंटेलला, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईला, हात लावायचा नाही.

"चौकट राहू दे, तिच्यावरच बोर्ड मारू" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. कोथरूडच्या फ्लॅटमधे मी पहिलं दार असंच बंद केलं होतं, मे महिन्यात, बोर्ड प्लास्टरच्या बरोबरीने बसवला, फटीत वॉल पुट्टी भरली, वर रंग. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि गणपतीपर्यंत भिंतीवर दाराचा अख्खा आकार तड्यांनी उमटला. सगळं उखडून परत करावं लागलं.

सांगाडा सोपा आहे: खाली आणि लिंटेलखाली चॅनल (स्टड ज्यात बसतात ती आडवी पत्र्याची पट्टी), दोन्ही कडांना एकेक स्टड प्लग-स्क्रूने भिंतीत, मधे एक. माझ्याकडे बहुतेकदा ४८ मिमीच्या स्टडच्या दोन रांगा लागतात, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक. फॉल्स सीलिंगवाला उरलेले सीलिंग सेक्शन (छतासाठीच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) उभे करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, हात टेकला तरी भिंत हलते.

आता खरी अडचण. बोर्ड जुन्या प्लास्टरच्या बरोबरीला नको, २ ते ३ मिमी आत हवा, कारण वर जोड झाकणारी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड (जिप्सम बोर्डचे जोड भरायचा लेप) चढणार आहे आणि त्याला जागा ठेवली नाही तर जोडावर फुगवटा येतो, संध्याकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं की तोच पहिल्यांदा दिसतो. म्हणून सांगाडा ठोकण्याआधी ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी दोन्ही बाजूंच्या प्लास्टरवर आडवी टेकवा, खाली, मधे आणि वर अशा तीन ठिकाणी. बोर्ड १२.५ मिमीचा, म्हणजे स्टडचं तोंड पट्टीपासून साधारण १५ मिमी आत आलं पाहिजे. जुनं प्लास्टर कुठेच सपाट नसतं, त्यामुळे जिथे ते सगळ्यात आत गेलंय तिथलं माप धरा.

दुकानात सहज मिळतो तो बोर्ड ६ बाय ४ फुटांचा आणि दार ७ फुटांचं, म्हणजे आडवा जोड येणारच. एका बाजूला तो वर ठेवा, दुसऱ्या बाजूला खाली, आणि जोडामागे चॅनलचा आडवा तुकडा द्या. २५ मिमीचे स्क्रू, डोकं किंचित आत जाईल पण कागद फाटणार नाही इतपतच. दुसरी बाजू बंद करायच्या आत रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरा, आणि पुढे टीव्ही किंवा फळी लावायची असेल तर स्टडांमधे प्लायचा तुकडा आत्ताच घाला, नंतर इलाज नाही.

बोर्ड आणि भिंतीमधे ३ मिमी फट ठेवा. जुन्या भिंतीचा रंग आणि पुट्टी कडेपासून सहा इंच प्लास्टरपर्यंत खरवडून काढा. लोक नेमकं हेच टाळतात आणि मग डिस्टेंपरच्या जुन्या थरांसकट टेप सोलून हातात येते. धूळ पुसा, प्लास्टर किंचित ओलं करा, फटीत जॉइंटिंग कंपाउंड दाबून भरा. पीओपी नको, वॉल पुट्टी नको, दोन्ही कडक होतात आणि जराशा हालचालीने तडकतात. भरलेलं वाळलं की पातळ थर, त्यावर कागदी टेप, पुट्टीच्या पत्र्याने मधून बाहेर दाबत हवा काढायची. जाळीची टेप लावायला सोपी असते हे खरं, पण या जोडावर माझा भरवसा कागदीवरच. मग कंपाउंडचे तीन हात, पहिला चार इंच रुंद, दुसरा आठ, तिसरा बारा, प्रत्येक पूर्ण वाळल्यावरच. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, जुलैत दोन दिवस थांबा, कंत्राटदार कितीही घाई करू दे.

पॉलिश पेपर मारल्यावर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरा, उंचवटे लगेच दिसतील, ते आत्ताच काढा.

स्कर्टिंगची टाइल जुळवा. प्रायमर मारा, आणि रंग तेवढ्या तुकड्याला न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला द्या.