कुराणातले शब्द इंग्रजीत नेताना या चुका टाळा

नवखा भाषांतरकार बहुतेक वेळा आधी यादी करतो: काफिर म्हणजे 'अनबिलीव्हर', दीन म्हणजे 'रिलिजन', तक्वा म्हणजे 'फिअर'. मग तीच यादी प्रत्येक आयतीला, म्हणजे कुराणातल्या प्रत्येक वचनाला, लावत जातो. भाषांतर बिघडतं ते इथे.

'काफिर'च घ्या. क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झाकणं. ५७व्या सूरेच्या (अध्यायाच्या) २०व्या आयतीत पावसानंतर तरारलेलं पीक पाहून 'कुफ्फार' खूश होतात. यादीनुसार गेलात तर पिकावर खूश व्हायला अश्रद्ध लोकच का, हे वाचकाला कळत नाही. बी मातीत झाकणारा तो शेतकरी, म्हणून अनेक भाषांतरकारांनी इथे 'टिलर्स' किंवा 'हजबंडमेन' लिहिलं आहे. उलट २:१५२ मध्ये (दुसरी सूरा, १५२वी आयत) हाच धातू 'शुक्र'च्या, म्हणजे कृतज्ञतेच्या, विरोधात येतो आणि अर्थ कृतघ्नपणाचा होतो. म्हणून एखादं वाक्य अडखळलं की आधी शेजारी कोणता विरुद्धार्थी शब्द आहे ते बघा. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

'दीन'चंही तेच. पहिल्या सूरेतला 'यौमुद्दीन' हा न्यायाचा दिवस, तर १०९व्या सूरेतला 'दीन' म्हणजे धर्म.

आजच्या अरबीचा कोश उघडून बसणं ही दुसरी चूक. यूसुफच्या सूरेत विहिरीपाशी 'सय्यारा' येतो. आज या शब्दाचा अर्थ मोटार. तिथे मात्र तो वाटसरूंचा काफिला आहे. अभिजात अरबीसाठी एडवर्ड लेनचा अरबी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. तो १८६३ पासून खंडाखंडाने निघाला आणि अजूनही उपयोगी आहे.

मला सर्वांत जास्त खुपतं ते 'तक्वा'चं 'फिअर' करणं. धातूचा अर्थ जपणं, स्वतःला वाचवणं. भीतीसाठी कुराणात 'खौफ' आणि 'खश्या' हे वेगळे शब्द आहेत. तिन्हींना 'फिअर' म्हटलं की इंग्रजी वाचकाला त्यांतला फरक कधीच दिसत नाही. काहीजण 'तक्वा'साठी 'गॉड-कॉन्शसनेस' लिहितात; त्यात सावधपणा येतो, पण जपण्याचा अर्थ निसटतो. अशा वेळी मूळ शब्द ठेवून टीप द्यावी, असं माझं ठाम मत आहे. मुंबईत जन्मलेल्या अब्दुल्ला युसुफ अलींनी आपल्या भाषांतराला भरपूर टिपा जोडल्या. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक राहिलेल्या पिकथॉल यांनी तर १९३० च्या आपल्या भाषांतराच्या नावातच 'मीनिंग' हा शब्द घातला, कारण कुराणाचं भाषांतर होऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा होती.