फुटबॉल सीझनचं सबस्क्रिप्शन घेण्याआधी हे करा

आधी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून काढा, आपली टीम कुठल्या स्पर्धा खेळणार आणि त्या दाखवायचे हक्क कुणाकडे आहेत. 2025-26 ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर, युरोपातल्या क्लब्सची चॅम्पियन्स लीग सोनीकडे, स्पेनची ला लीगा फॅनकोडवर, म्हणजे पहिल्या दोन्ही खेळणाऱ्या आर्सेनलच्या फॅनला दोन ॲप तरी लागणारच.

हक्कांचा हा खेळ जुनाय. 1992 मध्ये मीडियासम्राट मर्डॉकच्या स्काय या पैसे भरून बघायच्या टीव्हीने प्रीमियर लीगचे हक्क उचलले आणि इंग्लंडमध्ये घरच्या टीव्हीवर लीगची लाइव्ह मॅच फुकट दिसणं बंद झालं. आपल्याकडे 2022 चा वर्ल्डकप अंबानींच्या जिओसिनेमावर फुकट होता, सगळे खुश, पण नोव्हेंबर 2024 ला रिलायन्स आणि डिस्नीच्या इथल्या टीव्ही-स्ट्रीमिंग धंद्याचं मर्जर झालं आणि हक्कांसाठी बोली लावणारा एक मोठा गडीच कमी झाला. आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, तर रिलायन्सच्याच कंपनीने जुलै 2025 ला होल्डवर टाकली, भारतीय फुटबॉल फेडरेशनशी करार संपत आला होता म्हणून, आणि फटका कुणाला तर एफसी गोवासाठी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जाणाऱ्या पोरांना. मला याचा खरंच राग येतो.

तर वर्षाचा प्लॅन घेताना दहादा विचार करा, ज्या महिन्यात मोठ्या मॅच त्याच महिन्याचे पैसे भरा. आणि पैसे भरल्या भरल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून मॅंडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, कॅन्सल करा, मी विसरलो आणि जूनमध्ये, एकही मॅच नसताना, पैसे कटले, मेसेज आला तेव्हा कळलं. रात्री दीडची मॅच असेल तर लॉगिन संध्याकाळीच करून ठेवा, ओटीपी ऐनवेळी येत नाही.