जिप्सी उचलायची आहे? आधी ब्रेकचे होज मोजा

जुनी जिप्सी दोन इंच उचलायचं मनात असेल तर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) भाव विचारण्याआधी गाडीखाली जा आणि ब्रेकचे रबरी होज, म्हणजे चासीकडून चाकांकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळ्या, मोजा. मी ते केलं नव्हतं. पाटे नवे, शॉकॲब्जॉर्बर नवे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) नवे, आणि होज मात्र गाडीबरोबर आलेले. गॅरेजमध्ये चारही चाकं जमिनीवर होती तेव्हा ते छान सैल दिसत होते. पंधरा दिवसांनी वेल्ह्याकडच्या एका ओढ्यात पुढचं डावं चाक खड्ड्यात लटकलं, त्याच वेळी मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि होज ताणून चिरला. चिरला हे तिथे कळलंच नाही. पुढच्या उतारावर पेडल तळाला गेलं तेव्हा कळलं. शेजारी धाकटा भाऊ बसला होता. लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्हचा हळू पण ताकदीचा टप्पा), पहिला गिअर आणि हँडब्रेक यांवर खाली आलो.

तर आधी मोजमाप. सपाट जागा, भरलेली टाकी, टायरमध्ये बरोबर हवा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची वहीत लिहा. वीस वर्षं चाललेले पाटे बसलेले असतात, बुश (पाट्यांच्या टोकांतले रबर) फाटलेले असतात, आणि चारही आकडे सहसा जुळत नाहीत. मूळ मापाचे नवे पाटे आणि बुश टाकूनच गाडी बरीच वर येते. पुष्कळांना खरं तर तेवढंच हवं असतं. तिथे थांबता आलं तर थांबा, कारण त्यापुढे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी तपासणीला न्यावीच लागते. म्हणून आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला आधी विचारा. काम झाल्यावर विचारून उपयोग नाही.

उंची कशासाठी हवी, हेही स्वतःला विचारा. पाटे उचलल्याने चासी वर जाते, ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियल) जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. दगडाला अडकतो तो गोळाच. त्याला वर नेतो फक्त टायर. 205/70 आर 15 चा व्यास साधारण 668 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733. म्हणजे गोळा जेमतेम 33 मिलिमीटर वर जातो. त्या बदल्यात मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने पळत असते आणि घाटात एक गिअर खाली यावं लागतं. मोठा टायर स्टिअरिंग वळवल्यावर कुठे घासतो ते पाहून मगच किती उचलायचं ते ठरवा. दोन इंचांच्या वर मी जाणार नाही. जिप्सी मुळातच अरुंद आहे, आडव्या उतारावर तिचा तोल लवकर जातो. पाटे ॲक्सलच्या वर घेऊन चार-पाच इंच उचललेल्या गाड्या दिसतात. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीला ते करू नका.

नुसते लांब शॅकल लावणं स्वस्त पडतं. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एक इंच वर येते. पण पुढे लांब शॅकल लावले की ॲक्सल फिरतो, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते. मला पाटेच बदलणं पटतं. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने पुन्हा आवळू नका.

आता पुन्हा होज. पुढचे दोन आणि चासीवरून मागच्या ॲक्सलकडे जाणारा. हे पाट्यांच्या आधी विकत घ्या. ब्रेकसाठीच बनवलेले, लांब मापाचे घ्या. जेसीबीचे हायड्रॉलिक होज दाबून देणाऱ्या दुकानातून करून आणू नका. ते रबर बहुधा खनिज तेलासाठी असतं, ब्रेक ऑइलने फुगतं. लोखंडी ब्रेक पाइप ओढून-वाकवून चार बोटं लांबी काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तांब्याचे वॉशर नवे.

शॉक दोन्ही टोकांना तपासा. आखूड असला तर चाक लटकताना त्याचेच कान तुटतात, जास्त लांब असला तर चाक फार वर आलं की अडवणाऱ्या रबरी स्टॉपरच्या आधी तोच आपटतो. स्टॉपर खाली घ्यावे लागतील. ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) वेगळी बसवलेली आहे, त्यामुळे पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट बघा. चाक लटकलेलं असताना स्प्लाइन (शाफ्टचे एकात एक सरकणारे दाते) किती आत उरतात ते मोजा. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) सैल असेल तर आत्ताच बदला, नंतर थरथर येईल. ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) कोन बदलला की स्टिअरिंग मधोमध राहत नाही, ते जुळवून घ्या. मागच्या ॲक्सलला भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडीही नव्याने जुळवावी लागते. मागचे ब्रेक कमी-जास्त लागायला लागतात त्याचं कारण बहुधा हेच असतं.

बसवायच्या दिवशी घाई नको. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर कधीही नाही. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच शेवटचे आवळा.

आणि गॅरेजमधून बाहेर पडण्याआधी: एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून ते शक्य तितकं वर दाबा, दुसरं हवेत लटकू द्या. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. लटकलेल्या चाकाचा होज हाताने धरून बघा. तो हलला पाहिजे, पीळ पडलेला नको, टायरला किंवा पाट्याला टेकलेला नको. मग दुसरी बाजू. मग मागचा. मेकॅनिक म्हणेल की सगळं बरोबर आहे. म्हणू दे. तुम्ही स्वतः खाली झोपून बघा. माझ्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं होतं.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करून ब्रेकची हवा काढा. अलाइनमेंट. हेडलाइट खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. त्याच वेळी होज पुन्हा बघा.