शॉटचे तीन थर आणि दुतोंड्या मारुती

मार्चमध्ये मावसभाऊ नाशिकला आला होता. घरात शरद सीडलेसची काळी द्राक्षं पेटीभर पडलेली. म्हटलं, आज तीन थरांचा शॉट, म्हणजे छोट्या ग्लासातलं एका घोटाचं पेय, करू: कोकम सिरप, द्राक्षांचा रस आणि व्होडका. ओतलं आणि ग्लासात पुरातल्या गोदेसारखा एकच गढूळ रंग! भाऊ म्हणाला, "दादा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं वाटतं." (गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती; नाशिककर पुराची उंची तिच्यावरूनच मोजतात.)

चूक साधी होती, मी व्होडका आधी ओतली होती. ४० टक्के अल्कोहोलची व्होडका पाण्यापेक्षा हलकी, मिलिलिटरला साधारण ०.९५ ग्रॅम. साखरेचं घट्ट सिरप १.३ च्या आसपास, रस या दोघांच्या मधे. म्हणजे गोड ते खाली, कडक ते वर.

क्रम बदलला तरी मधला थर धूसरच. रसातला चोथा! मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळला, मग सगळंच फ्रीजमध्ये तासभर. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण, प्रत्येकी १० मिली. चमचा उलटा करून टोक ग्लासच्या कडेला टेकवायचं आणि त्याच्या पाठीवरून अगदी तेलाच्या धारेसारखं सोडायचं. इथे घाई केली की संपलं.

वर क्रीम लिकर (दुधाच्या सायीची गोड दारू) घालायचा मोह झाला होता, पण कोकमाच्या आंबटपणाने ती दुधासारखी फाटते, म्हणून राहू दिलं.

तिसऱ्या ग्लासात थर उभे राहिले. भावाने फोटो काढला आणि बोट घालून सगळं ढवळलं.