महाडीबीटीची स्कॉलरशिप मंजूर होते पण पैसे येत नाहीत? बँकेचं काम असं करा

ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की आमच्या उत्तर नागपुरातल्या अभ्यासिकेत पोरंपोरी महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, फॉर्म भरायला येतात. बहुतेकांनी दोन-चार व्हिडिओ बघितलेले असतात आणि त्या सगळ्या व्हिडिओत फक्त कुठलं बटण दाबायचं तेच सांगितलेलं असतं. फॉर्म भरणं सोपं आहे हो, दहावी पास झालेलं कोणतंही पोर भरू शकतं. पैसे अडकतात ते नंतर, बँकेत, आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही. म्हणून बाकीचं मी भराभर सांगते आणि बँकेवर थांबते.

मी मुख्यतः भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबद्दल लिहून राहिली आहे, तीच जी अनुसूचित जातीच्या मुलांना दहावीनंतर मिळते आणि जिची सुरुवात १९४४ पासूनची आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप आहे, तिच्यात शिकवणी फी आणि परीक्षा फी निघते. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसटी यांच्या योजना आणि अटी वेगळ्या आहेत पण पोर्टल तेच आणि बँकेची भानगड अगदी सेम, त्यामुळे त्यांनीही वाचा.

कागदपत्रं: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, मार्कशीट, ॲडमिशनची पावती, रेशनकार्ड. उत्पन्नाच्या दाखल्यावर ३१ मार्चची तारीख बघा, गेल्या वर्षीचा चालत नाही.

लॉगिन: स्वतःच्या आधारने आणि स्वतःच्या मोबाईल नंबरने. नेट कॅफेवाल्या भाऊचा नंबर टाकू देऊ नका, पुढे फॉर्म परत आला तर मेसेज त्याला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन जोडा, बाकी सगळं नंतर.

आता बँक.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की फॉर्ममध्ये किंवा कॉलेजात जो खाते नंबर दिला त्याच खात्यात पैसे येतील. नाही येत. सरकार पैसे आधार नंबरवर पाठवते. त्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे इकडून तिकडे पाठवायची यंत्रणा चालवणारी संस्था) मॅपरमध्ये लिहिलेलं असतं, म्हणजे पोस्टमनकडे पत्त्यांची वही असते तसं समजा, वहीत जो पत्ता तिथेच पाकीट जाणार, तुम्ही पाकिटावर काहीही लिहा. आणि त्या वहीत एका आधारला एकच बँक बसते, जी सगळ्यात शेवटी जोडली ती.

दुसरा गैरसमज त्याहून वाईट, कारण तो बँकेतलेच लोक पसरवतात. तुम्ही विचारता, मॅडम माझं खातं आधार लिंक आहे का, त्या कॉम्प्युटरवर बघून म्हणतात हो आहे, जा. ते केवायसीचं लिंक असतं, म्हणजे खातं उघडताना तुमचं आधार घेतलं एवढंच. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म सही करून द्यावा लागतो आणि मग बँक ते एनपीसीआयला कळवते. काउंटरवर शब्द नीट वापरा: "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे, एनपीसीआय मॅपिंग." नुसतं लिंक म्हटलं की परत पाठवतात.

माझ्या भाचीच्या वेळी हे सांगणारं कोणीच नव्हतं. फॉर्म मंजूर, स्टेटस हिरवं, मैत्रिणींचे पैसे आलेले आणि हिच्या खात्यात काहीच नाही. कॉलेज म्हणे समाजकल्याणला विचारा, तिथे म्हणाले बँकेत जा, एका बँकेच्या शाखेत म्हणाले सगळं लिंक आहे, आमच्याकडे प्रॉब्लेम नाही. शेवटी कळलं की तिने मधल्या काळात मोबाईल रिचार्जच्या दुकानात एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, अंगठा देऊन, आणि मॅपिंग तिकडे सरकलं होतं. ही काही एकट्या पोरीची गोष्ट नाही. २०१७ साली कित्येक लोकांच्या गॅस सबसिडीचे पैसे त्यांना माहीतही नसलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात गेले होते आणि यूआयडीएआयला, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेला, त्या कंपनीवर कारवाई करावी लागली होती. म्हणून माझं ठाम मत आहे, फॉर्म भरल्यापासून पैसे येईपर्यंत नवीन खातं उघडूच नका. कोणी कॉलेजच्या गेटवर झिरो बॅलन्सचं खातं उघडून देत असेल, सोबत बॅग फुकट देत असेल, तरी नाही.

तपासायचं कसं? माय आधारच्या साईटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस असं ऑप्शन आहे. बँकेचं नाव, ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, आणि कधी अपडेट झालं ती तारीख दिसते. स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याच बँकेत तुमची दोन खाती असतील तर नेमकं कोणतं जोडलंय ते शाखेत विचारा. नाव चुकीच्या बँकेचं असेल तर तुम्हाला पाहिजे त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या, एनपीसीआयच्या साईटवरूनही आता ती विनंती टाकता येते, पण मी तरी शाखेत जाऊन शिक्का मारलेली पोच घ्या असंच सांगते. मग काही दिवसांनी स्टेटस पुन्हा स्वतः बघा. बँकेने "झालं" म्हटलं म्हणजे झालं असं नाही, साईटवर दिसलं म्हणजे झालं.

ॲक्टिव्ह दिसतंय तरी पैसे परत जातात, त्याची कारणं खात्यातच असतात. अकरावीतल्या मुलांचं खातं बऱ्याचदा आईसोबतचं असतं आणि त्याला आधार आईचं जोडलेलं असतं, तिथे तुमचे पैसे येणार नाहीत. अठरा वर्षं पूर्ण झाली की मायनर खात्याचं नव्याने केवायसी करावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. दोन वर्षं काहीच व्यवहार नसेल तर खातं बंद पडल्यासारखं होतं, शंभर रुपये टाकून काढून बघा चालू आहे का. आणि इंजिनिअरिंग, फार्मसीवाल्यांनी हे खास ऐका: अपुऱ्या कागदांवर उघडलेलं "स्मॉल अकाउंट" असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही (सरकारी अनुदानाला ही शिल्लकेची मर्यादा नाही) आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. फीची रक्कम मोठी असते, वर्षाच्या मर्यादेमुळे ती तिथे अडकू शकते. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या.

आता परत फॉर्मकडे. सबमिट केलं की तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याणकडे. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. "सेंड बॅक" आलं तर घाबरू नका, शेरा वाचा, दुरुस्त करा, मुदतीत परत टाका. कॉलेजच्या डेस्कवरच फार दिवस पडून असेल तर क्लार्कला तोंडी नका सांगू, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथेही हाललं नाही तर दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात जा, ॲप्लिकेशन आयडी, सीडिंगचा स्क्रीनशॉट आणि कॉलेजची पोच घेऊन. नुसतं "पैसे आले नाहीत" म्हणून गेलात तर परत बँकेतच पाठवतील, कागद हातात असले की बोलणं पुढे सरकतं.

काटोल, उमरेड, गडचिरोली, भंडाऱ्याहून इथे शिकायला आलेल्या आणि सरकारी होस्टेलला नंबर न लागलेल्या मुलांनी स्वाधार योजनेचाही अर्ज करा. नागपूर शहरासाठी जेवण, राहणं, निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार आहेत. त्याला हजेरी ७५ टक्के लागते, आणि पैसे त्याच आधारवाल्या खात्यात येतात, म्हणजे वरचं काम एकदा नीट केलं की दोन्हीकडे उपयोगी.

आणि पैसे आले की एक गोष्ट लगेच करा. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीही असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, मला माहीत आहे, पण त्या पैशाला हात लावू नका कारण फी थकली की परीक्षेचा फॉर्म अडवतात. कॉलेजात भरा, पावती घ्या, फाईलला लावा, पुढच्या वर्षी रिन्युअलच्या वेळी तीच दाखवायची आहे.