आधी गिऱ्हाईक, मग वेल, वाइनरी सगळ्यांत शेवटी

संक्रांतीच्या आसपास नाशिक, दिंडोरी, निफाडकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. अर्ध्या-पाऊण एकरात अशी बाग लावून पुढे छोटी वाइनरी काढायचा विचार असेल, तर हेच दिवस कामाचे आहेत. दुसऱ्याच्या बागेतली तोडणी डोळ्यांनी बघता येते आणि आपल्या रानात चर खोदून, शेणखत टाकून ठेवता येते. खुंटरोपे, म्हणजे ज्यांच्यावर पुढे वाइनच्या जातीचे कलम करायचे ती मूळ रोपे, फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायची.

पण रोपे सांगण्याआधी माल कोण घेणार ते ठरवा. खायची थॉमसन द्राक्षे लावणाऱ्याला भाव पडला तर बेदाण्याची वाट असते. वाइनच्या द्राक्षाला तीही नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. बाजारात कोणी हात लावत नाही. 2008 नंतरच्या मंदीत वाइनरींनी माल उचलला नाही, तेव्हा अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. म्हणून करार लेखी हवा. त्यात दर आणि जात तर असतेच. तोडणीची तारीख कोण ठरवणार हेही लिहून घ्या. वाइनरी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, वाढण्यासाठी तोडणी आठवडाभर लांबवते, मणी सुकतात, वजन घटते आणि ती घट शेतकऱ्याच्या माथी येते.

आता हिशेब. 30 गुंठ्यांत 8 बाय 4 फुटांवर साधारण 1,000 वेली बसतात. बांध आणि वळायची जागा सोडली तर 900 च धरा. वेलीला चार-साडेचार किलो माल ठेवला तर सुमारे 4 टन. टनाला 600 लिटर धरले तर 2,400 लिटर वाइन, म्हणजे 750 मिलीच्या 3,200 बाटल्या. वर्षभर रोज जवळजवळ नऊ बाटल्या विकायच्या! एवढ्यासाठी स्टीलच्या टाक्या, रस थंड ठेवणारा चिलर, रस काढायचा प्रेस, बाटल्या भरायचे यंत्र घेतले तर ते वर्षातले दोन-तीन महिने चालणार आणि बाकी वेळ कर्जाचे व्याज मोजणार. चिलरची काटकसरही चालत नाही. पांढऱ्या वाइनचा रस 12 ते 18 अंशांवर आंबवावा लागतो आणि आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी पारा 35 च्या वर जातो.

माझे मत विचाराल तर पहिली तीन-चार वर्षे परवाना असलेल्या वाइनरीत आपल्या द्राक्षांची वाइन बनवून घ्यावी. लेबल आणि विक्रीचा परवाना कोणाच्या नावावर लागेल ते राज्य उत्पादन शुल्क विभागात आधी विचारा. परवान्याशिवाय घरी पिंपात वाइन करून विकणे हा गुन्हा आहे, मग ती दहा लिटर का असेना.

जमिनीबाबत एक उलटी गोष्ट. भारी काळ्या रानात वेल माजते, सावली होते, घडात रंग आणि चव उतरत नाही. हलके, मुरमाड, निचऱ्याचे रान वाइनला बरे. माती आणि पाणी दोन्ही तपासा. चुनखडी आणि क्षारांवरून खुंट ठरतो. डॉगरिज हा खुंट जोमदार आहे. वाइनसाठी बहुतेक ठिकाणी 110 आर हा खुंट बरा पडतो. शंका असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. ओळी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्वेकडची पाने थोडी काढली तरी चालतात, पश्चिमेची ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हाने मणी भाजतात.

जाती दोनपेक्षा जास्त नकोत. पांढऱ्यात सोविन्यॉं ब्लांक किंवा शेनिन ब्लांक, लालमध्ये शिराझ. पाच जातींचे पाच-पाच क्रेट निघाले तर कुठलीच टाकी भरत नाही.

पहिला माल यायला दोन वर्षे लागतात: यंदा खुंट, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट (वेल पुन्हा खाली छाटणे), त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (घडांसाठीची छाटणी), त्यापुढच्या फेब्रुवारीत घड. मणी मऊ पडून त्यांत पाणी उतरले की ठिबकचे पाणी कमी करायचे. तोडणी जवळ आली की गंधक फवारू नका. ते रसात गेले तर वाइनला सडक्या अंड्याचा वास लागतो. ब्रिक्स मोजताना मोठे चार घड निवडू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, सावलीतले, उन्हातले मिळून शंभर मणी घ्या, रस एकत्र करा आणि मग साखर मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर लावा.

कलमाच्या काड्यांची सोय मात्र आत्ताच करा. ओळखीच्या बागायतदाराला विचारून, त्याच्या बागेत ज्या वेलींवर घड एकसारखे भरले आहेत आणि ज्यांच्या खोडाला खोडकिडा नाही, त्यांना रंगाचा पट्टा मारून ठेवा. ऑगस्टमध्ये वेलीवर घड नसतात. तेव्हा कुठल्या वेलीची काडी घ्यायची ते हा पट्टाच सांगेल.