खजिना आधी लपवा, चिठ्ठ्या मग लिहा

भाऊबीज उरकली की घरात दहा-बारा लेकरं जमलेली असतात. मामाची, आत्याची, पुण्याहून आलेली, वर शेजारची दोन. फटाके संपलेले, फराळाचा कंटाळा आलेला आणि मोबाइलवरून भांडणं. अशा वेळी खजिन्याचा शोध हा खेळ हमखास रंगतो, पण आयत्या वेळी सुचून तो जमत नाही. आदल्या रात्री दीड-दोन तास बसावं लागतं.

खेळ फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. आखणारा पहिल्या चिठ्ठीपासून सुरुवात करतो. पहिल्या तीन चिठ्ठ्या झकास होतात, चौथीला डोकं थकतं आणि खजिना शेवटी फ्रिजवर जाऊन बसतो. म्हणून उलटं चला. आधी खजिन्याची जागा ठरवा, मग बाकीच्या जागा, मग कोणता गट कुठून कुठे जाणार ते, आणि सगळ्यात शेवटी कोडी.

खालचा हिशेब 12 लेकरांचा आहे: तीन गट, गटात चौघं, सहा जागा आणि सातवा खजिना. कोडं सोडवणं, धावणं, शोधणं आणि थोडं भांडणं धरून एका चिठ्ठीला सहा-सात मिनिटं लागतात. म्हणजे पाऊण तास. दहा-बारा चिठ्ठ्या केल्या तर लहानगी मध्येच पाणी मागतात, मग शू, मग आई.

जागा निवडताना एकच कसोटी लावा: सगळ्यात लहान लेकराचा हात पोचला पाहिजे आणि तिथे हात घालणं सुरक्षित पाहिजे. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात ढाळज (दाराशी असलेली बसायची जागा), ओसरी, तुळशीवृंदावन, जातं, बाज, अंगणातला लिंब अशा जागा आयत्याच मिळतात. आड, हौद, मोटारीच्या स्टार्टरची पेटी, कठडा नसलेलं माळवद (मातीचं सपाट छत) आणि कडब्याची गंजी या जागा सरळ बाद. याच दिवसांत सोयाबीनची रास झालेली असते, भुसकटाचे ढीग पडलेले असतात, त्यात उंदीर आणि उंदरांमागे साप. दगड किंवा पत्रा उचलायला लावणारी चिठ्ठीही नको, खाली विंचू असू शकतो. गोठा घ्यायचाच असेल तर चिठ्ठी दाराच्या कडीला, आत नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, खेळणार असाल तर बांधाची हद्द आधी पायी फिरवून दाखवा; ‘विहिरीकडे जायचं नाही’ एवढं नुसतं सांगून भागत नाही, तिथे मोठं माणूस उभं करा.

आता क्रम. तिन्ही गटांना एकच वाट दिली तर पुढचा गट शोधतो आणि मागचे दोन नुसते त्याच्यामागे पळतात. म्हणून जागांना 1 ते 6 आकडे द्या आणि सुरुवात वेगवेगळी ठेवा.

लाल गट: 1, 2, 3, 4, 5, 6, खजिना
निळा गट: 3, 4, 5, 6, 1, 2, खजिना
हिरवा गट: 5, 6, 1, 2, 3, 4, खजिना

एक गट दुसऱ्यापेक्षा दोन जागा पुढे गेल्याशिवाय दोघांची गाठ पडत नाही. चिठ्ठ्या एकूण 21 लागतात: सुरुवातीला हातात द्यायच्या तीन आणि सहा जागी तीन-तीन मिळून अठरा. कोडी मात्र सातच लिहायची आहेत, प्रत्येक तीनदा. चूक होते ती 2, 4 आणि 6 या जागांवर. तिथल्या तीन चिठ्ठ्या सारख्या नसतात: 6 वर लाल गटाला खजिन्याचं कोडं आणि बाकी दोघांना जागा 1 चं, 2 वर निळ्याला खजिन्याचं आणि बाकीच्यांना 3 चं, 4 वर हिरव्याला खजिन्याचं आणि बाकीच्यांना 5 चं. खजिन्याच्या या तीन चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने बारीक खूण करा, लावताना पुन्हा तपासा. इथे अदलाबदल झाली तर एखादा गट गोल गोल फिरत राहतो आणि कुणाला काही कळत नाही.

कागद रंगीत घ्या, किंवा पांढऱ्यावर रंगीत ठिपका द्या. नियम एकच: आपल्याच रंगाला हात लावायचा. लिहायला बॉलपेन. स्केचपेनची शाई पहाटेच्या दवाने फुटते, आणि चिठ्ठ्या सकाळीच लावून ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. वाऱ्यासाठी कपड्यांचे चिमटे वापरा. शेळी मोकळी असेल तर चिठ्ठी तिच्या तोंडाच्या वर बांधा. शेळी कागद खाते आणि नेमका तोच खाते.

कोड्यांवर खरा वेळ घालवा. चांगल्या कोड्यात वस्तू आपल्याबद्दल खरं बोलते, पण आडून. नमुने:

दरसाल माझं लगीन लागतं,
नवरा मात्र तोच असतो. (तुळशीवृंदावन)

चार पाय, तरी चालत नाही,
अंगभर सुतळी, भोवरा नाही. (बाज)

वर्षाच्या पहिल्या दिवशी मला खाता,
मग वर्षभर तोंड वाकडं करता. (लिंब)

खालचा बसून, वरचा फिरे,
दोघांमधून पांढरं झरे. (जातं)

‘लिंब’ या शब्दात एक खड्डा आहे. आपल्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब, पण शहरातून आलेलं लेकरू थेट फ्रिजमधल्या लिंबाकडे धावतं. पाहुणी लेकरं गटात असतील तर गावचे शब्द कोड्यात ठेवा, मात्र प्रत्येक गटात इथलं एक तरी पोरगं असू द्या. ढाळज कुठली आणि ओसरी कुठली हे त्याला विचारावं लागतं, आणि त्याचा भाव अचानक वधारतो.

वाचता न येणाऱ्यांसाठी कोड्याऐवजी फोटो द्या. मोबाइलने दाराचा कोयंडा, बाजेची वीण किंवा मोटारसायकलचा आरसा अगदी जवळून टिपा आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. वस्तू पूर्ण दिसली की मजा गेली. आठ-नऊ वर्षांच्यांना च ची भाषा पुरते: पहिल्या अक्षराच्या जागी च घालायचा आणि मूळ अक्षर शेवटी न्यायचं. गोठा म्हणजे चोठाग, पायरी म्हणजे चायरीप.

दहाच्या पुढच्यांना अंकपल्लवी द्या. ही आपल्याकडची जुनीच युक्ती आहे. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. हे सांगितलं की पोरांचे कान टवकारतात. पद्धत अशी: एका अक्षराला तीन आकडे. पहिला वर्गाचा: क-वर्ग 1, च-वर्ग 2, ट-वर्ग 3, त-वर्ग 4, प-वर्ग 5, आणि य र ल व श ष स ह ळ यांची ओळ 6. दुसरा आकडा त्या ओळीतला क्रमांक. तिसरा स्वराचा: अ 1, आ 2, इ 3, ई 4, उ 5, ऊ 6, ए 7, ऐ 8, ओ 9. मग गोठा होतो 139 322, बाज 532 231 आणि तुळस 415 691 671. जोडाक्षर आणि अनुस्वार यात बसत नाहीत, त्यामुळे ‘रांजण’ किंवा ‘वृंदावन’ लिहायला जाऊ नका. इंग्रजी शाळेतल्या लेकरांना वर्णमालेचा क्रम पाठ नसतो, तेव्हा तक्ता मोठ्या अक्षरात ओसरीच्या भिंतीवर लावून ठेवा.

एखादी चिठ्ठी अदृश्य शाईची असली की सगळ्यांचे डोळे मोठे होतात. लिंबाच्या रसाची सगळ्यांना ठाऊक असते, पण ती उमटवायला इस्त्री लागते आणि नेमकी लाइट जाते. मेणबत्तीवर कागद धरायला तर लेकरांना देऊच नये. हळदीची सोपी. चमचाभर खाण्याचा सोडा चार चमचे कोमट पाण्यात ढवळा, कान कोरायच्या कापूसकाडीने जाड पांढऱ्या कागदावर लिहा आणि तासभर वाळू द्या. पाव कप पाण्यात अर्धा चमचा हळद घालून ते पाणी कापसाने कागदावर फिरवलं की अक्षरं लालसर उमटतात. हळद क्षाराला लागली की लाल होते, चुन्याशी तिचं कुंकू होतं ते त्यामुळेच. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळून घ्यावं. पातळ कागद सोड्याच्या पाण्याने सुरकुततो आणि गुपित आधीच फुटतं. आणि हे दिवाळीच्या नव्या कपड्यांवर करू नका, हळदीचे डाग कुणाचीच आई विसरत नाही.

गट पाडताना ‘आपापले निवडा’ म्हणू नका, शेवटी उरलेलं लेकरू रडतं. वयाप्रमाणे रांग लावा आणि आकडे द्या. लाल गटात 1, 6, 7, 12. निळ्यात 2, 5, 8, 11. हिरव्यात 3, 4, 9, 10. तिन्ही गट तोलून निघतात. मोठी पोरं पुढे पळून जातात त्यावर उपाय: चौघांचे हात चिठ्ठीवर पडल्याशिवाय ती उघडायची नाही, आणि उघडायची सगळ्यात लहानाने. अडकलेल्या गटाला तीन मिनिटांनंतर मदत मागता येते, दोनदाच. मदतीची किंमत म्हणून चौघांनी दहा उठाबशा काढायच्या. किंमत नसली तर पहिल्या कोड्यालाच ‘काका, सांगा ना’ सुरू होतं.

खजिना पहिल्या आलेल्याचा, हा नियम मात्र ठेवू नका. एक गट लुटतो, आठ लेकरं तोंड पाडून बसतात आणि संध्याकाळ आयांना निस्तरावी लागते. त्यापेक्षा पत्र्याच्या पेटीला तीन आकड्यांचं कुलूप लावा आणि एकेक आकडा एकेका गटाकडे ठेवा. खजिन्याच्या चिठ्ठीच्या पाठीमागे प्रश्न लिहा. लाल: वेरूळ, औंढा, परळी ही मराठवाड्यातली ज्योतिर्लिंगं किती? निळा: मराठवाड्याचे जिल्हे किती? हिरवा: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन इंग्रजी कितव्या महिन्यात येतो? उत्तरं 3, 8 आणि 9 (17 सप्टेंबर). पेटीवर लाल, निळा, हिरवा असे ठिपके क्रमाने काढले की कुलूप 389. एक पळवाट आधीच बुजवा: दोन आकडे माहीत असले की तिसरा फार तर दहा प्रयत्नांत सापडतो, आणि तेरा वर्षांचं पोरगं ते लगेच ओळखतं. म्हणून तिन्ही गट हजर असल्याशिवाय कुलपाला हात नाही. शेजारी एक मोठं माणूस बसवा.

पेटीत 12 लेकरांसाठी 14 पुड्या ठेवा, अगदी एकसारख्या. शेजारची आणखी दोन लेकरं ऐन वेळी टपकतातच. माणशी 40–50 रुपयांत चिक्की, भिंगरी, चार गोट्या, रंगीत खडूची डबी असं बसतं. एका पुडीत लाल भिंगरी आणि दुसरीत निळी असली तरी भांडण होतं, तेव्हा सगळ्या एकाच रंगाच्या आणा. खाऊ असलेली पेटी शेवटच्या दहा मिनिटांत ठेवा, नाहीतर मुंग्या पहिल्या येतात.

वेळ दुपारी चारची बरी. नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेपाचला खेळ संपलेला असावा. हाच खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचा तर सकाळी सात ते नऊ. मे महिन्यात चारला पत्र्याच्या पेटीला हात लावून बघा म्हणजे कारण कळेल. फ्लॅटमध्ये असाल तर जिना, पार्किंग आणि गच्चीचं दार एवढ्यात सहा जागा होतात. लिफ्ट खेळातून वगळा.

शोधाच्या आधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करणारा खेळ घ्या. लगोरी उत्तम: सात चपट्या खापऱ्या, खाली मोठी वर लहान, मोठ्यांना सहा-सात पावलांवरून आणि लहानांना तीनवरून तीन चेंडू, आणि मारायचं कमरेखालीच. रबरी चेंडू अंगाला जोरात लागतो, टेनिसचा बरा. लहानग्यांना ‘मामाचं पत्र हरवलं’. पोत्याची शर्यत घ्यायची तर तागाचा बारदाना वापरा, खताचं प्लास्टिकचं पोतं पायाखाली घसरतं. वापरण्याआधी पोतं उलटं करून झटका. संगीत खुर्ची शक्यतो नको. त्यात सगळ्यात लहान आधी बाद होतात आणि तेच सगळ्यात जास्त वेळ रिकामे बसतात.

चिठ्ठ्या साडेतीनला लावा, लेकरं आत चहा-फराळाला बसलेली असताना. लावून झाल्या की हिरव्या गटाची वाट स्वतः एकदा चालून या, प्रत्येक चिठ्ठी वाचत. 4 वर खजिन्याचं कोडं हाताला लागलं तर मांडणी बरोबर आहे. कुलूपही तेव्हाच एकदा उघडून बघा, आणि बंद केल्यावर आकडे फिरवायला विसरू नका.